धागा: बांधकाम व्यावसायिकानं घरबांधणी करणाऱ्या सेवाभावी संस्थेला मदत करायची तर नेमकी कशी? (पुणे)

जोतेपातळी · सोमवार, सकाळी ९:१०

एखाद्या प्रकल्पाचा ताबा देऊन झाला की व्यावसायिकाच्या गोदामात बरंच काही उरतं. फरशीचे खोके, दाराच्या चौकटी, नमुना सदनिकेच्या खिडक्या, वायरची अर्धी बंडलं, सळईचे तुकडे. त्याच वेळी दोन-तीन किलोमीटरवर एखादी संस्था वस्तीतली घरं दुरुस्त करत असते आणि हेच सामान दुकानातून किरकोळ भावानं आणत असते. मदत करायची इच्छा असते, पण ती एका ट्रकच्या पुढे जात नाही, कारण पुढचं काही ठरलेलं नसतं.

मदतीचे तीन प्रकार धरू या: पैसे, सामान आणि माणसं. माझ्या मते तिसरी मदत सगळ्यांत मोलाची. स्थानिक व्यावसायिकाकडे इंजिनिअर, घाऊक खरेदीचं खातं आणि ओळखीचे ठेकेदार असतात. छोट्या संस्थेकडे नेमकं तेच नसतं. ज्यांना यातलं एखादं अंग नीट माहीत आहे त्यांनी आकड्यांसह लिहावं, म्हणजे कुणाला हे सुरू करायचं असेल तर या धाग्यावरून कामाला लागता येईल.

जमाखर्च · सोमवार, सकाळी ११:२५

पैशांपासून सुरुवात करतो, कारण इथली चूक वर्षभरानंतर कळते.

आधी व्यावसायिकाला सीएसआर (कंपन्यांवर कायद्यानं आलेला सामाजिक खर्च) लागू आहे का ते बघावं. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च बंधनकारक होतो. भागीदारी किंवा मालकीची पेढी असेल तर हा विषयच येत नाही, ती सरळ देणगी. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळानं ठराव केला तरी चालतं.

संस्थेच्या बाजूनं सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सरकारी) नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे आणि बाहेरच्या संस्थेला त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. काल स्थापन झालेली संस्था सीएसआरचा पैसा घेऊ शकत नाही. तिला आधी छोट्या देणग्यांवरच उभं राहावं लागतं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सामानात. उरलेल्या सामानाची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कायदा ‘खर्च’ मागतो, वस्तूला रुपयांत बदलून चालत नाही. इंजिनिअरनं संस्थेसाठी दिलेल्या तासांनाही तेच लागू. आपल्याच साइटवरच्या मजुरांसाठी निवारा बांधणं हेसुद्धा यात येत नाही, कारण ती जबाबदारी कायद्यानं मुळातच त्या कामाच्या मालक-ठेकेदारावर आहे. १ टक्का कामगार कल्याण उपकर भरला म्हणजे समाजकार्य केलं असंही धरू नये.

८०जीबद्दल (देणगीवरची आयकर वजावट): वस्तूरूप देणगीवर वजावट नाही. २,००० रुपयांवर रोख दिली तरी नाही. २२ टक्के कराचा पर्याय घेतलेल्या कंपनीलाही ही वजावट मिळत नाही. हे संस्थेनं आधीच सांगावं, नाही तर मार्चमध्ये ‘पावती द्या’ म्हणून ताण होतो. जिथे वजावट लागू आहे तिथे संस्थेनं देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं आणि देणगीदाराला प्रमाणपत्र द्यायचं.

आणखी एक. महारेरा (गृहप्रकल्पांचं राज्य नियामक प्राधिकरण) नोंदणी असलेल्या प्रकल्पाच्या ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात असतात. ते जमीन आणि त्याच प्रकल्पाच्या बांधकामासाठीच आहेत. देणगीचा धनादेश त्या खात्यातून काढू नये. हेतू कितीही चांगला असला तरी तो ग्राहकांचा पैसा आहे.

ओळंबा · सोमवार, दुपारी ४:०५

सामानाचं लिहितो. ‘जमेल ते देतो’ असं म्हणण्याऐवजी ‘इतक्या घरांचे इतके संच देतो’ असं म्हणावं. त्यासाठी एका घराला काय लागतं ते डोळ्यांसमोर हवं.

बाहेरून २० बाय १६ फूट, आतून साधारण २७० चौरस फूट, एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, संडास-न्हाणी. भिंतींवर भार घेतलेलं, वर स्लॅब. पाया तीन फूट डबराचा धरला आहे. असं एक मजली घर शून्यापासून बांधायला ढोबळ हिशेब असा येतो:

सिमेंट १२५ ते १३० गोणी. त्यातल्या स्लॅबला ३४-३५, दोन्ही बाजूंच्या गिलाव्याला २५, डबराच्या पायाला १८-१९, जोते आणि लिंटेल (दार-खिडकीच्या वरची पातळी) इथे भिंतींवरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांना १०. बाकी पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), ब्लॉकची जोडाई, फरशीखालचा माल आणि गच्चीचा कोबा.

सळई साधारण ५५० किलो, ८ आणि १० मिलिमीटर. स्लॅबला सव्वातीनशे ते साडेतीनशे, उरलेली पट्ट्या, लिंटेल आणि रिंगांना.

सहा इंची भरीव काँक्रीट ब्लॉक (४०० बाय २०० बाय १५०) सुमारे ९३०, तूटफूट धरून १,०००.

दोन बाय दोनची फरशी, खोक्यात चार नग धरले तर १८ खोके, तुकड्यांसाठी दोन जास्त. न्हाणीला ही गुळगुळीत फरशी लावायची नाही, खरखरीत वेगळी घ्यायची.

आता यातलं उरलेल्या मालातून काय चालतं? फरशी चालते, पण एका घरात एकाच बॅचची. खोक्यावरचा शेड क्रमांक जुळवूनच संच बांधा, नाही तर घरात पट्टे दिसतात आणि त्या घरच्या बाईला रोज ते बघावं लागतं. दुसऱ्याच्या घराला ‘चालून जाईल’ हा नियम लावू नये. चौकटी चालतात, फक्त माप आधी कळवा. मुख्य दार ३ बाय ७, न्हाणीचं अडीच बाय ७ असं धरून भोक सोडलेलं असतं. खिडकी आली आणि भोक चार इंच मोठं निघालं की पुन्हा विटा-सिमेंट, पुन्हा गवंडी. कमोड, वॉश बेसिन, नळ चालतात, पण वॉशर, कनेक्शन पाइप आणि स्क्रूची पिशवी सोबत हवी. तेच नेहमी गायब असतं. सळईचे दोन-अडीच फुटांचे तुकडे रिंगांना उत्तम. स्लॅबच्या मुख्य सळईला ते वापरू नका. जोडाला सळईच्या जाडीच्या ५० पट लांबी ओव्हरलॅप लागतो. १० मिलिमीटरला म्हणजे अर्धा मीटर, तुकड्यात मग उरतं काय?

सिमेंट मात्र उरलेलं देऊच नका, नवं द्या. तीन महिने पडून असलेल्या गोणीची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं उतरलेली असते, पावसाळ्यात त्याहून जास्त. गोणीवरचा आठवडा-वर्ष वाचा. गोणी चोळून गाठी फुटत नसतील तर ती बांधकामाला निकामी.

उघडलेले रंगाचे डबे, सांधे दिलेली वायर आणि साइट ऑफिसचे काढलेले ॲस्बेस्टॉस पत्रेही घेऊ नयेत. ते पत्रे कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात जाते, आणि वस्तीत पत्रा कापायला मोकळी जागा नसते, दारातच कापतात.

एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण ते बहुतेक साइटवर उरतात. ते हलके आहेत, गल्लीत न्यायला सोपे. पण साइटवर ते कॉलम-बीमच्या मध्ये भरायला आणलेले असतात. कॉलम नसलेल्या घरात त्यांच्यावर स्लॅब टाकायचा तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी हिशेब हवा. आतल्या आडभिंतीला बिनधास्त वापरा.

नवखा_हात · सोमवार, संध्या. ६:३०

खूप उपयोगी. एक विचारायचं होतं. साइटवर आरएमसीची (बाहेरून मिसळून आलेल्या तयार काँक्रीटची) गाडी येते, स्लॅब झाला की अर्धा-एक घनमीटर उरतो आणि तो टाकून देतात. तो वस्तीत कोबा करायला पाठवता येईल का?

ओळंबा · सोमवार, रात्री ८:५०

शक्यतो नाही. माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, हा नियम. साइटवर तास-दीड तास गेलेला असतो. पुढच्या वाहतुकीत तो घट्ट होतो, मग कुणीतरी पाणी मारतं आणि ताकद जाते. शिवाय ती गाडी वस्तीच्या गल्लीत शिरत नाही. त्यापेक्षा उरणाऱ्या मालाचे साइटवरच साचे भरून ठेवा: न्हाणीच्या चेंबरची झाकणं, ओट्याखालचे आधार, कव्हर ब्लॉक (स्लॅबच्या सळईखाली ठेवायचे ठोकळे). पाणी मारून पक्के झाले की पाठवा. साचे दोन संध्याकाळींत तयार होतात.

वस्तीगल्ली · मंगळवार, सकाळी १०:१५

गल्लीचा विषय निघाला म्हणून. ओळंबांनी दिलेला संच वजनात मोजा. एका भरीव ब्लॉकचं वजन २५ किलोच्या आसपास. हजार ब्लॉक म्हणजे २५ टन. सिमेंट साडेसहा टन. डबर, मुरूम, खडी, क्रश सँड धरली तर एका घराला शंभर टनांच्या आसपास माल. छोटा हत्ती (टेम्पो) वस्तीच्या तोंडाशी थांबतो, पुढे चार फुटी गल्लीतून घमेल्यानं आणि डोक्यावर. ही वाहतूक अंदाजपत्रकात धरलेली नसते आणि ती कुटुंबावर पडते. दात्यानं माल ‘पोच’ म्हटलं तर कुठपर्यंत पोच, ते करारात लिहा: दारापर्यंत की रस्त्यापर्यंत. आणि एका घराचा सगळा माल एकदम पाठवू नका. ठेवायला जागा नसते, रात्रीतून जातो, पावसात भिजतो. जोत्यापर्यंतचा, लिंटेलपर्यंतचा, स्लॅबचा आणि फिनिशिंगचा अशा चार खेपा करा.

पुण्यात याचं चांगलं उदाहरण आधीपासून आहे. शेल्टर असोसिएट्सच्या ‘एक घर, एक शौचालय’ कामात संस्था सामान दारापर्यंत पोचवते आणि बांधकाम कुटुंब स्वतःच्या खर्चानं करून घेतं. त्याआधी वस्तीचा घर न् घर नकाशा तयार झालेला असतो, कुणाकडे ड्रेनेज लाइन जवळ आहे हे माहीत असतं. देणगीचा पैसा सामानात जातो आणि कुटुंबाचा हिस्सा कामात राहतो, म्हणून काम अर्धवट पडत नाही. येरवड्यात बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली जागच्या जागी घरं बांधली तेव्हाही लाभार्थ्याचा १० टक्के हिस्सा होता, घर २७० चौरस फुटांचं होतं आणि महिला मिलन या वस्तीतल्या बचतगटांच्या बायका घरोघरी बसून आराखडा समजावत होत्या. व्यावसायिकानं नव्यानं पद्धत शोधण्यापेक्षा ही आधी बघावी.

आता कुणाचं घर घ्यायचं. ही निवड संस्थेनं आणि वस्तीच्या गटानं करायची, दात्यानं नाही. निवडीआधी कागद: जागा कुणाची (सात-बारा किंवा मिळकत पत्रिका), झोपडपट्टी घोषित आहे का, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), वीजबिल, कर आकारणी. नदी-नाल्याच्या पूररेषेत असेल तर पक्कं काम नको. रस्तारुंदीत जाणारं घर असेल तर उचलून नेता येईल असंच द्यायचं: पत्रा, दार, खिडकी, वायरिंग.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हितसंबंधाचा. ज्या वस्तीवर एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना येऊ घातली आहे आणि हाच व्यावसायिक किंवा त्याचा भागीदार तिथे विकासक व्हायच्या बेतात आहे, तिथे त्याच्या पैशानं घरदुरुस्ती करू नये. मदतीची यादी आणि संमतीची यादी एकाच माणसाच्या हातात आली की लोकांना नाही म्हणता येत नाही. संस्थेनं दात्याकडून लेखी घ्यावं की या प्रभागात त्याचा कोणताही प्रस्ताव नाही. आणि लाभार्थ्यांची नावं, फोटोपास क्रमांक, फोन दात्याला द्यायचे नाहीत. त्याला घर क्रमांकाऐवजी संच क्रमांक पुरतो.

तसंच, ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के समावेशक (कमी उत्पन्न गटांसाठीची छोटी) घरं बांधणं ही नियमानं आलेली अट आहे. ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. ती ‘आम्ही गरिबांसाठी बांधली’ अशा अहवालात येऊ नयेत.

साइट_डायरी · मंगळवार, दुपारी १:४०

उरलेल्या मालावर माझं मत थोडं वेगळं आहे. तो फुकट वाटतो, पण नसतो. मोजणे, निवडणे, भरणे, उतरवणे, पुन्हा साठवणे, यात जाणाऱ्या मजुरीत बऱ्याचदा नवा स्वस्त माल येतो. म्हणून फक्त तीन गोष्टी घ्याव्यात: फरशी, दारं-खिडक्या, सॅनिटरी. बाकीच्यासाठी व्यावसायिकाचं खरेदी खातं वापरा. त्याच्या ऑर्डरला जोडून संस्थेची ऑर्डर गेली तर सिमेंट-सळई त्याच्याच दरानं मिळते. बिल मात्र थेट संस्थेच्या नावानं निघालं पाहिजे आणि पैसे संस्थेच्या खात्यातून गेले पाहिजेत. व्यावसायिकाच्या नावानं बिल आणि ‘नंतर वळतं करू’ असं झालं की हिशेब तपासणीत अडकतं.

साइटवरून निघणाऱ्या प्रत्येक मालाला गेटपास आणि डिलिव्हरी चलन. त्यावर नग, माप, बॅच आणि ‘विक्रीसाठी नाही’ असा शेरा. व्यापारी प्रकल्पाचा माल असेल आणि त्यावर जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल, तर फुकट देताना ते परत करावं लागतं. साध्या निवासी प्रकल्पात १ किंवा ५ टक्क्यांच्या दरात क्रेडिट घेतलेलंच नसतं, तिथे हा प्रश्न येत नाही. आणि मदतीच्या नावाखाली राडारोडा पाठवू नये. त्याची जागा वाघोलीचा महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प.

माणसांच्या मदतीबद्दल जोतेपातळींशी पूर्ण सहमत. एका इंजिनिअरनं आठवड्यातले दोन अर्धे दिवस दिले तर आठ-दहा घरांवर नजर राहते. पण त्यानं कुठे हजर असायचं ते ठरवा. रोज चक्कर मारण्यापेक्षा हे पाच क्षण महत्त्वाचे: पायाचा तळ दिसतो तेव्हा, जोत्याची पट्टी भरण्याआधी, लिंटेलची पट्टी भरण्याआधी, स्लॅब टाकण्याआधी सळई बांधून झाल्यावर, आणि ड्रेनेजचा पाइप झाकण्याआधी. त्याची सही झाल्याशिवाय पुढची खेप निघत नाही. कागदावरच्या कुठल्याही अटीपेक्षा ही एक साखळी जास्त काम करते.

ओळंबा · मंगळवार, दुपारी ३:२०

साइट_डायरी, खरेदी खात्याचा मुद्दा पटला. तुमच्या पाच क्षणांत काय बघायचं ते भरतो.

पायाचा तळ: हडपसर, मांजरी, लोणी या बाजूंना काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा. जास्तच खोल असेल तर तिथल्या तिथे डिझाइन बदलून घ्या, ‘तीन फूट ठरलंय’ म्हणून थांबू नका. आमच्या ढोबळ हिशेबातलं सिमेंट इथेच वाढतं. जोत्यातला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. एकदम भरला तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी बसते.

पट्ट्या: जोते आणि लिंटेल पातळीला सर्व भिंतींवरून सलग, कोपऱ्यात सळई वळवून आत नेलेली. दोन सळ्या असतील तर किमान तीन इंच जाडी, चार असतील तर सहा इंच. दारावर पट्टी तोडून नुसता लिंटेल टाकतात, तिथे भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटतात.

स्लॅब: कव्हर ब्लॉक २० मिलिमीटरचे, खडीचे तुकडे नाहीत. पंख्याचा हुक आणि वीज नळ्या आधीच. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस पाणी, मार्च-एप्रिलच्या उन्हात १४. वस्तीत पाणी सकाळी तासभरच येतं, म्हणून ड्रम आणि गोणपाट खेपेतच द्या. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या अंतराला) सात दिवसांआधी काढायचे नाहीत. व्यावसायिकाची सेंट्रिंग उसनी असेल तर परत न्यायची घाई त्याच्याकडूनच होते, हे आधी बोलून घ्या.

ड्रेनेज: चार इंची पाइपला ४० फुटांत १ फूट उतार. कमी दिला की मैला अडतो. वीज: दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटर वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). बजेट कापायचं असेल तर फरशी कापा, आरसीसीबी नाही.

जोतेपातळी · मंगळवार, रात्री ९:००

अजून दोन गोष्टींवर लिहा: सरकारी अनुदान यात कसं जोडायचं, आणि व्यावसायिक पैशांऐवजी सदनिका किंवा जागाच देणार असेल तर?

जमाखर्च · मंगळवार, रात्री १०:१०

दुसरं आधी. सदनिका किंवा जागा विश्वस्त संस्थेला बक्षीसपत्रानं दिली तरी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आहेच, ते कोण भरणार हे आधी ठरवा. मिळकत संस्थेच्या नावावर आली की धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज. आणि एकदा नोंद झाली की ती मिळकत विकायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायला, आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘वर्षभरात विकून घरं बांधू’ असा बेत असेल तर दात्यानंच विकून पैसे द्यावेत, ते सोपं. सदनिका घेतलीच तर देखभाल खर्च दर महिन्याला संस्थेच्या माथी येतो, तोही हिशेबात धरा.

वस्तीगल्ली · बुधवार, सकाळी ८:४५

अनुदानाचं. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या, ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख. घर घरातल्या बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. ग्रामीण योजनेत, म्हणजे हवेली-मुळशीच्या गावांत, सपाट भागात १ लाख २० हजार आणि किमान २५ चौरस मीटर घर.

हे पैसे टप्प्यांत येतात, बहुतेक त्या त्या टप्प्याचं काम झाल्यावर. जोते बांधायलाच हातात काही नसलेलं कुटुंब पहिल्या हप्त्याआधी सावकाराकडे जातं. व्यावसायिकाची मदत इथे लावली तर तिचा उपयोग कितीतरी पटीनं वाढतो: जोत्यापर्यंतची खेप संस्थेमार्फत आधी द्यायची, हप्ता आला की कुटुंब ठरलेला हिस्सा संस्थेच्या फिरत्या निधीत भरतं, त्यातून पुढच्या घराचं जोतं. दहा घरांत लावलेला निधी असा थोडाथोडा परत आला की तेवढ्याच पैशात पुढचीही काही घरं उठतात. परतफेडीचा हिस्सा छोटा ठेवा आणि तो व्यावसायिकाला नाही, निधीला जातो हे लेखी द्या.

साइट_डायरी · बुधवार, सकाळी ११:३०

शेवटची पैशांची अट ठेकेदाराबद्दल. गवंड्याचे ५ टक्के राखून ठेवा आणि पहिला पावसाळा गेल्यावर द्या. गळती, खचलेली फरशी, फुगलेलं दार, सगळं जूनमध्ये कळतं. दात्यानंही त्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, ताबा दिल्यावर विसरू नये.

ओळंबा · बुधवार, दुपारी १२:१५

जूनची वाट बघू नका. कोबा झाल्यावर गच्चीवर कडेनं मालाचे बांध घालून दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा. खालून खडूनं ओल आलेल्या जागा खुणवा, दुरुस्त करा, पुन्हा पाणी ठेवा. पाणी सोडताना पन्हळ शेजारच्या दारावर तर उघडत नाही ना ते बघा. गल्ली चार फुटांची असली तर पाइप खाली चेंबरपर्यंत आणावाच लागतो. त्याचे बारा फूट पाइप आणि दोन बेंड संचाच्या यादीत वाढवा, मघाशी माझ्याकडून राहिले होते.